पुण्याच्या भावी फुटबॉल-मालकांस सणसवाडीचे खुले पत्र

प्रति,
पुण्याच्या आगामी फुटबॉल क्लबचे मा. मालक
(निवड अद्याप व्हावयाची आहे)

विषय: येण्यापूर्वी जाण्याच्या अटी निश्चित करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, शिरूर तालुक्यातील सणसवाडी व परिसरातील फुटबॉलप्रेमी नव्या मालकांच्या आगमनाची वाट पाहत असून, मालक कोण असावेत याविषयी त्यांचा कोणताही हट्ट नाही; ते केव्हा आणि कोणत्या रीतीने जाणार आहेत, एवढेच त्यांना आगाऊ कळावयास हवे आहे. स्वागताच्या पत्रात निरोपाचा विषय काढणे शिष्टाचाराला सोडून आहे, याची निवेदकांना जाणीव आहे; परंतु पुण्यातील फुटबॉलचा अलीकडचा इतिहास पाहता हारतुरे आणि निरोपाचा नारळ एकदमच खरेदी केल्यास पैशांची बचत होते, असे अनुभवांती दिसून आले आहे.

हा इतिहास थोडक्यात असा. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये स्थापन केलेला पुणे एफसी हा क्लब 2009 मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय स्पर्धेत दाखल झाला, 2012-13 च्या हंगामात चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला आणि 2015 मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाच्या भारत एफसीला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. थेट प्रवेश म्हणजे खालच्या गटातून जिंकत वर येण्याऐवजी निविदा भरून वरच्या गटात बसण्याची सोय. हा क्लब 2014-15 च्या हंगामात तळाशी राहिला, नियमातील सवलतीमुळे खालच्या गटात ढकलला गेला नाही आणि त्या एकाच हंगामानंतर स्वतःहून मैदानाबाहेर गेला. 1987 मध्ये स्थापन झालेला शिवाजियन्स हा जुना क्लब डीएसके शिवाजियन्स या नावाने 2015-16 मध्ये त्याच वाटेने आय-लीगमध्ये आला आणि 2017 मध्ये परतला. वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी मात्र 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, पाच हंगाम टिकला. 2017-18 मध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली, तेथे बेंगळुरूकडून पराभव पत्करला आणि 2019 मध्ये आर्थिक अडचणीत सापडून तो विसर्जित झाला. त्याची स्पर्धेतील जागा हैदराबादला गेली आणि हैदराबाद एफसीने तिसऱ्याच हंगामात, 2021-22 मध्ये, विजेतेपद मिळविले. 2025 मध्ये तो क्लबही दिल्लीला हलविण्यात आला. यावरून फ्रँचायझी, म्हणजे स्पर्धेच्या आयोजकांना शुल्क देऊन मिळविलेला संघ चालविण्याचा हक्क, ही वस्तू मातीत रुजत नसून मालट्रकमध्ये चढविता येते, हे सणसवाडीकरांच्या लक्षात आले आहे. गावालगतच्या नगर रोडवरून रात्रंदिवस जाणाऱ्या मालाकडे पाहण्याची सवय असल्याने त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

मालकांच्या परिचयाचा प्रश्न त्यानंतर येतो. एफसी पुणे सिटीच्या सहमालकांत प्रथम हृतिक रोशन आणि पुढे अर्जुन कपूर या अभिनेत्यांची नावे होती, त्यामुळे संघाची बचावफळी कोण सांभाळते हे ठाऊक नसलेल्यांनाही संघाचे छायाचित्र ओळखता येत असे. निवेदकांचा चित्रपटसृष्टीविषयी आकस नाही. शिवाय फ्लेक्सवर कोणाचा चेहरा किती मोठा असावा, या शास्त्रात नगर रोडच्या दुतर्फा असलेल्या गावांना कोणाकडून काही शिकावे लागत नाही. नवे मालक उद्योगपती असोत, नट असोत किंवा जमिनीचे भाव वधारल्याने उदयास आलेले एखादे गुंठामंत्री असोत, त्यांचा फ्लेक्स स्वखर्चाने लावण्याची परिसराची तयारी आहे. मात्र तो उतरविण्याची तारीखही त्यावर छापलेली असावी.

खेळाडूंच्या भरतीबाबत चाहत्यांच्या अपेक्षा अधिक सविस्तर मांडणे आवश्यक आहे. फुटबॉलमध्ये खेळाडू तीन मार्गांनी येतो: करार शिल्लक असताना त्याच्या क्लबला मोबदला देऊन, करार संपल्यावर विनामोबदला, किंवा ठरावीक मुदतीसाठी उसना, ज्याला लोन म्हणतात. यांपैकी तिसरा प्रकार सणसवाडीत समजावून सांगावा लागत नाही, कारण हजेरी एका कंपनीच्या दारात आणि नाव दुसऱ्याच ठेकेदाराच्या वहीत, ही व्यवस्था येथील कंत्राटी कामगारांच्या अंगवळणी पडलेली आहे. आयएसएलने आरंभी चौथा प्रकारही रूढ केला, तो मार्की खेळाडूचा. मार्की म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटे खपावीत असा, बहुधा कारकिर्दीच्या उतरणीवरचा, जगप्रसिद्ध खेळाडू. पुण्याने 2014 मध्ये फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे आणला, 2015 मध्ये रुमानियाचा आद्रियान मुतू आणला आणि 2016 मध्ये आइसलँडचा, चेल्सी व बार्सिलोनाकडून खेळलेला, एदुर गुडयॉन्सन करारबद्ध केला. पहिले दोघे वयाच्या छत्तिशीत आले. तिसरा अडतिसाव्या वर्षी आला, स्पर्धेपूर्वीच दुखापत होऊन एकही सामना न खेळता बाहेर पडला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको घ्यावा लागला.

खरेदीची याहून चोख रीत बैलगाडा शर्यतींत पाहावयास मिळते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये या शर्यतींना परवानगी दिल्यापासून शिरूर तालुक्यातील घाट, म्हणजे बैलगाड्यांच्या धावेचे मार्ग, पुन्हा गजबजले आहेत आणि शर्यतीचा बैल लाखांच्या घरात विकला जातो. परंतु तो घेताना त्याने दहा वर्षांपूर्वी कोणता घाट गाजविला याची कीर्तने कोणी करीत नाही, दात पाहिले जातात, खूर पाहिले जातात आणि चार बाऱ्या पळवून घड्याळ लावले जाते. भरतीची समिती नेमताना परदेशी सल्लागारांच्या जोडीला असा एखादा जाणता गाडामालक घ्यावा, अशी निवेदकांची नम्र सूचना असून, त्याचे मानधन विमानाच्या एका तिकिटातही भागू शकेल.

पुण्यातील उद्योजकांना फुटबॉल क्लब चिकाटीने चालविता येत नाही, असा निष्कर्ष यावरून कोणी काढल्यास तो मात्र अन्यायाचा ठरेल. कोंबड्यांच्या व्यवसायात अग्रेसर असलेल्या पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला. याच क्लबला जॅक वॉकर या स्थानिक पोलाद व्यावसायिकाने स्वतःच्या पैशाने उभारी दिली होती. त्याने मैदान नव्याने बांधले, 1992 मध्ये आघाडीचा खेळाडू ॲलन शियररला आणले आणि 1994-95 मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्यामुळे नवे मालक आले तेव्हा तेथील चाहत्यांच्या अपेक्षा उंचावल्या होत्या आणि ब्राझीलच्या रोनाल्डिन्होसारख्या खेळाडूंच्या आगमनाच्या वार्ताही पसरल्या होत्या. प्रत्यक्षात महिनाभरातच अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलर्डाइस यांना काढण्यात आले, 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि 2017 मध्ये आणखी एक पायरी उतरून पुढील वर्षी ती परत चढला. मे 2012 मध्ये विगनविरुद्धच्या ज्या सामन्यात पहिली घसरण निश्चित झाली, त्या सामन्यात क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी निषेधार्थ मैदानात सोडण्यात आली होती.

तथापि समूहाने त्यानंतरही वर्षानुवर्षे पैसा ओतून क्लब चालू ठेवला आणि दीड दशक मालकी सोडली नाही. याचा अर्थ असा की, पुण्याने आपल्याकडील दीर्घकाळ टिकणारे मालक निर्यात केले आणि अल्पकाळ टिकणारे घरच्या वापरासाठी ठेवले. ब्लॅकबर्नचे अनेक चाहते मालकांनी जावे म्हणून घोषणा देत आले आहेत आणि पुण्याचे चाहते मालकांनी राहावे म्हणून नवस बोलत आले आहेत. या दोन शहरांत मालकांची लोनवर देवाणघेवाण करता येईल काय, याचा विचार संबंधितांनी करावा.

मालक जातात ते केवळ चंचल स्वभावामुळे जातात, असे मानणेही शास्त्रीय होणार नाही. भारतीय क्लबला तिकिटांतून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे असते, प्रक्षेपणाचे हक्क त्याच्या हाती नसतात आणि मैदान त्याचे स्वतःचे नसते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल शासनाचे आहे आणि तेथे खेळणारा क्लब हा भाडेकरू असतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये व्यावसायिक हक्कांचा जो पंधरा वर्षांचा करार केला होता, तो डिसेंबर 2025 मध्ये संपला आणि त्याच सुमारास देशातील सर्वोच्च स्पर्धाच वेळेवर सुरू होऊ शकली नाही. मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये मुंबई सिटी एफसीचा 65 टक्के हिस्सा घेतला, त्यांच्या काळात क्लबने 2020-21 आणि 2023-24 ची विजेतेपदे मिळविली, तरीही 2025 च्या अखेरीस हा समूह भारतातून बाहेर पडला. जगभर क्लब चालविणाऱ्यांना जेथे हिशेब जुळविता आला नाही, तेथे पुण्याच्या नव्या मालकांनी अजरामर राहावे असा आग्रह धरणे निवेदकांना प्रशस्त वाटत नाही. म्हणूनच त्यांची मागणी राहण्याची नसून रीतसर जाण्याची आहे.

ज्या क्लबला मालकच नाही तो विकताही येत नाही, या साध्या तत्त्वाचा पुरावा कोल्हापुरात उपलब्ध आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ अशी नावे असलेले तेथील संघ पेठांच्या आणि तालमींच्या आधाराने उभे आहेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, ज्याच्याभोवती गल्लीचे सार्वजनिक जीवन गुंफलेले असते. शाहू स्टेडियमवरील त्यांच्या लढतींना गर्दी लोटते, परदेशी खेळाडूही आणले जातात आणि ईर्षेपायी प्रसंगी हाणामारीही होते. परंतु एखादी तालीम तोट्यात गेली म्हणून दुसऱ्या राज्यात हलविली गेल्याचे ऐकिवात नाही. जर्मनीने हेच तत्त्व नियमात बसविले असून, तेथील व्यावसायिक क्लबमध्ये काही अपवाद वगळता मतदानाचे अर्ध्याहून अधिक हक्क सभासदांकडेच राहतात. इंग्लंडने 2025 मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला, जो मालकांची पात्रता आणि त्यांच्या पैशाचा स्रोत तपासणार आहे.

या पार्श्वभूमीवर सणसवाडी परिसराच्या अटी पुढीलप्रमाणे आहेत. क्लबचे नाव, रंग आणि चिन्ह सभासद चाहत्यांच्या संस्थेच्या मालकीचे असावे, जेणेकरून मालक गेले तरी त्यांच्या सामानासोबत ते बांधले जाणार नाही. खेळाडूंच्या वेतनातील काही भाग आरंभीच अनामत म्हणून वेगळा ठेवावा, म्हणजे क्लब बंद झाल्यास तरुण खेळाडूंना थकबाकीसाठी दारोदार फिरावे लागणार नाही. क्लबच्या बालसंघांपैकी एक शहराच्या पूर्वेस, वाघोलीच्या पलीकडे, असावा. कारण पहिली पाळी संपवून निघालेल्या कामगाराने वाघोलीची कोंडी आणि सबंध पुणे ओलांडून मुलाला बालेवाडीस पोहोचवावे, तोवर सराव संपलेला असतो. शेवटची अट मैदानाची. शासनाने 15 सप्टेंबर 2017 रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभरातील लाखो विद्यार्थ्यांना एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम केला आणि त्यासाठी शाळांना चेंडू दिले. मैदाने त्याच पेटीत पाठविणे शक्य नसल्याने 16 सप्टेंबरचा कार्यक्रम ज्याच्या त्याच्या सोयीवर सोडण्यात आला होता.

मैदानासाठी पैसा कोठून येणार, हा प्रश्न कारखान्यांच्या या पट्ट्यात तरी विचारला जाऊ नये. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करावी लागते आणि कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण समाविष्ट आहे. आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व 2021 च्या नियमांनी यातून वगळले आहे. म्हणजे मैदान बांधता येते, परंतु त्याच्या मोबदल्यात विक्रीचा फायदा उठविण्याचा हेतू ठेवता येत नाही. काही दानशूरांचा उत्साह या एका तरतुदीमुळे मावळण्याची शक्यता निवेदकांनी गृहीत धरलेली आहे.

वरील अटी मान्य असल्यास भावी मालकांनी खुशाल यावे, ढोलताशांचा बंदोबस्त परिसराकडून केला जाईल आणि खेळाडूंची निवड चुकली, तरी पहिले दोन हंगाम कोणीही तक्रार करणार नाही. अटी मान्य नसल्यास त्यांनी क्लब काढण्याच्या फंदात न पडता तेवढ्या रकमेत नगर रोडलगतच्या एखाद्या गावात सपाट, कुंपण घातलेले, दिवे असलेले एक मैदान बांधून द्यावे आणि त्याच दिवशी निघून जावे. अशा मालकांना मात्र पुणे जिल्हा कायमचे मालक मानील.

कळावे,
सणसवाडी व परिसरातील फुटबॉलप्रेमींच्या वतीने