खाडीपलीकडचे जेवण : एक विमानी मीमांसा

इंग्लंडच्या दक्षिण भागातील शोरम, लिड, हेडकॉर्न, गुडवुड यांसारख्या लहान विमानतळांवरून सकाळी उडावे, इंग्लिश खाडी ओलांडून पलीकडे दुपारचे जेवण घ्यावे आणि दिवेलागणीच्या आत परत यावे, हा तेथील खासगी वैमानिकांचा एक जुना कुळाचार आहे. खासगी वैमानिक म्हणजे ज्याला विमान चालवण्याचा परवाना आहे, परंतु त्या कामाचा मोबदला घेण्याची मुभा नाही, असा गृहस्थ. विमान चालवल्याबद्दल त्याला पगार मिळत नाही, उलट त्यालाच दर तासाला पैसे मोजावे लागतात. अमेरिकेतील वैमानिक अशा खाद्ययात्रेला ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ म्हणतात, कारण पदार्थ चार-दोन डॉलरांचा आणि उरलेली रक्कम इंधनाची असते. हाच सिद्धांत मराठीने चार आण्याच्या कोंबडीच्या आणि बारा आण्यांच्या मसाल्याच्या रूपाने फार पूर्वी मांडून ठेवलेला आहे. मात्र त्या कोंबडीसाठी समुद्र ओलांडावा लागेल, हे मराठीच्याही ध्यानात आले नव्हते.

या यात्रेतील सर्वांत गहन प्रश्न ‘कोठे जायचे’ हा समजला जातो आणि त्यावर क्लबाच्या चहाच्या टेबलाशी, नकाशा पसरून, हिवाळ्याचे कित्येक शनिवार खर्ची पडतात. डोव्हरपासून फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरापर्यंत खाडीची रुंदी अवघी चौतीस किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे नकाशावर सारेच सोपे दिसते: कॅले, ल तुके, दोव्हिल, शेरबूर, बेल्जियममधील ओस्टेंड, शिवाय चॅनल बेटांपैकी जर्सी, गर्न्सी आणि ऑल्डर्नी. परंतु प्रत्यक्षात हे ठिकाण निवडले जात नाही, ते उरते. पाणी, कस्टम, वजन आणि हवामान या चार चाळण्यांतून सगळी नावे गाळली गेल्यावर जे तळाशी राहील, त्यालाच वैमानिक आपली निवड म्हणतो.

पहिली चाळणी पाण्याची. या मंडळींचे विमान बहुधा एकाच इंजिनाचे असते आणि ते इंजिन बंद पडल्यास विमान दगडासारखे कोसळत नाही, तर उंची खर्चीत घसरत पुढे जाते. सेसना १७२ सारखे विमान अंदाजे एक मीटर खाली येताना नऊ मीटर पुढे सरकते. म्हणजे दीड हजार मीटर उंचीवरून त्याला साडेतेरा किलोमीटरचा पल्ला मिळतो आणि खाडीचा मध्य दोन्ही काठांपासून सतरा किलोमीटरवर असल्यामुळे अधल्यामधल्या काही मिनिटांत वैमानिक ना इंग्लंडचा असतो ना फ्रान्सचा. ही मिनिटे शेरबूरच्या वाटेवर फार वाढतात, कारण आइल ऑफ वाइटपासून तेथवर सुमारे शंभर किलोमीटर पाणीच आहे, आणि दोव्हिलच्या थेट वाटेवर त्याहूनही अधिक. किनारा मागे पडताच इंजिनाचा आवाज बदलतो, असा जगभरच्या वैमानिकांचा अनुभव आहे. इंजिनाला समुद्र दिसत नाही, कान मात्र वैमानिकाचे असतात, एवढेच त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण देता येते. म्हणून लाइफ जॅकेट आधीच अंगात घालावे लागते, पण ते फुगवायचे विमानाबाहेर पडल्यावरच, कारण आत फुगवलेला प्रवासी दारातून मावत नाही. या बाबतीत आदर्श ठेवावा तो ह्यूबर्ट लेथॅम यांचा: १९ जुलै १९०९ रोजी खाडीवर त्यांचे इंजिन बंद पडले, विमान पाण्यावर उतरून तरंगू लागले, आणि बचावाची नौका येईपर्यंत लेथॅम त्यावर बसून सिगारेट ओढीत होते.

दुसरी चाळणी कस्टमची, आणि ती पाण्याहून खोल आहे. लेथॅम यांच्यानंतर सहाच दिवसांनी, २५ जुलै १९०९ रोजी, लुई ब्लेरियो पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन घेऊन, होकायंत्राशिवाय, भाजलेल्या पायाने, साडेछत्तीस मिनिटांत कॅलेजवळून डोव्हरला पोचले आणि ‘डेली मेल’ने लावलेले एक हजार पौंडांचे बक्षीस त्यांनी मिळवले. ब्रिटिश कस्टमच्या कागदांत आकाशातून येणाऱ्या माणसासाठी रकानाच नव्हता, म्हणून त्यांची नोंद ‘मोनोप्लेन’ नावाच्या नौकेचे कप्तान अशी झाली, असे सांगितले जाते. त्यानंतरच्या शतकाहून अधिक काळात रकान्यांची ही उणीव पुरेपूर भरून काढण्यात आली. आता खासगी विमानाने ब्रिटनमधून निघताना आणि परतताना विमानातील प्रत्येकाची माहिती देणारा एक अहवाल ऑनलाइन भरावा लागतो. २०२४च्या एप्रिलपासून तो उड्डाणापूर्वी अठ्ठेचाळीस तासांहून आधी चालत नाही आणि दोन तासांहून उशिरा चालत नाही, आणि चुकल्यास दहा हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ब्लेरियो यांना आल्याबद्दल जितके बक्षीस मिळाले, त्याच्या दसपट रक्कम आज न कळवता आल्याबद्दल भरावी लागू शकते. याखेरीज फ्लाइट प्लॅन, म्हणजे मार्ग, वेळ आणि इंधन यांचा लेखी आराखडा, निदान तासभर आधी द्यायचा असतो.

पलीकडच्या काठावर निराळाच शिष्टाचार आहे. ब्रिटन युरोपातील पासपोर्टमुक्त शेंगेन क्षेत्राबाहेर असल्यामुळे तेथून येणाऱ्या विमानाला फ्रान्समधील वाटेल त्या धावपट्टीवर उतरता येत नाही, तर पासपोर्ट तपासण्याची सोय असलेल्या मोजक्याच विमानतळांवर उतरावे लागते, आणि त्यांतही अनेक ठिकाणी येण्याची वर्दी आगाऊ, काही ठिकाणी आदल्या दिवशी, द्यावी लागते. सुंदर समुद्रकिनारा, गवताची मऊ धावपट्टी आणि कुंपणालगत खानावळ असे एखादे गाव मनात भरावे, तर तेथे पासपोर्ट तपासणारा हवालदार नसतो. आणि जेथे हवालदार असतो, तेथे खानावळ सात किलोमीटरवर असते. त्यातच फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे, उन्हाळ्यात ब्रिटनचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या एक तास पुढे, आणि विमानांचे सगळे कागद प्रमाणवेळेत. या तीन घड्याळांचा मेळ घालून निघालेला वैमानिक अचूक अशा वेळी पोचतो, की कार्यालय नुकतेच जेवणासाठी बंद झालेले असते. त्याच्या स्वतःच्या प्रवासाचा हेतूही जेवण हाच असल्यामुळे त्याला तक्रार करता येत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या मराठी वैमानिकाची गोष्ट तर आणखी वेगळी, कारण त्याला वाटीभर सूपासाठी आधी शेंगेन व्हिसा काढावा लागतो.

तिसरी चाळणी वजनाची. दोन आसनी सेसना १५२ चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ७५७ किलो असते. रिकामे विमान ५२० किलोंच्या आसपास भरते, पूर्ण भरलेल्या टाक्यांतील इंधन सत्तर किलोंचे होते, आणि ऐंशी-ऐंशी किलोंचे दोन मित्र बसले की सहा-सात किलो शिल्लक राहतात, ज्यांत लाइफ जॅकेटे, कागदपत्रे आणि परतीच्या वेळी पोटात असलेले जेवण बसवायचे असते. या विद्येचे आद्य प्रणेते म्हणून ब्लांशार आणि डॉक्टर जेफ्रीज यांचा मान मोठा आहे. ७ जानेवारी १७८५ रोजी हे दोघे बलूनमधून डोव्हरहून निघाले, बलून वारंवार खाली येऊ लागला, तेव्हा त्यांनी वाळूच्या पिशव्या, शोभेची सामग्री, कोट आणि अखेर विजारीही समुद्रात टाकल्या, आणि शरीरातील पाण्याचा भारही नाइलाजाने कमी केला. फ्रान्सच्या भूमीवर हवाई मार्गाने उतरलेले हे पहिले पाहुणे थंडीच्या दिवसांत जवळजवळ दिगंबर अवस्थेत जंगलात पोचले. परतीच्या वजनाचे म्हणाल, तर ब्रिटिश कायदा परतणाऱ्या प्रत्येक प्रौढाला अठरा लिटर वाइन आणि त्याशिवाय बेचाळीस लिटर बिअर करमुक्त आणू देतो. अठरा लिटर म्हणजे चोवीस बाटल्या, म्हणजे काचेसह तीसेक किलो. तेव्हा कायद्याचा पुरेपूर लाभ घ्यायचा ठरवले, तर मित्राला फ्रान्समध्येच ठेवून यावे लागेल, आणि मित्र राहिला की त्याच्या वाट्याच्या बाटल्याही राहिल्या. चीज हलके असते, म्हणून पूर्वी त्यावर समाधान मानले जाई. पण जनावरांतील लाळ-खुरकत रोगाच्या भीतीने १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून वैयक्तिक वापरासाठीही मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यावर ब्रिटनने बंदी घातली, आणि त्या यादीत चीजही आले.

चौथी चाळणी हवामानाची. वैमानिकाच्या प्राथमिक परवान्यावर ढगांत शिरता येत नाही. ब्रिटनमध्ये यावर उपाय म्हणून यंत्रांकडे पाहून उडण्याचे एक मर्यादित प्रमाणपत्र मिळते, परंतु ते फ्रान्समध्ये चालत नाही. परिणामी खाडीच्या मध्यावर, जेथे लंडनचे हवाई क्षेत्र संपते, तेथे एकाच ढगाच्या अलीकडच्या अर्ध्या भागात वैमानिक सक्षम असतो आणि पलीकडच्या अर्ध्यात अडाणी ठरतो. हवामानापुढे निवडीचे किती चालते, याचा दाखला हॅरिएट क्विंबी यांनी घालून दिला. १६ एप्रिल १९१२ रोजी एकट्याने विमान चालवीत खाडी ओलांडणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्या निघाल्या होत्या कॅलेला, धुक्याने त्यांना कितीतरी दक्षिणेला, आर्देलोच्या बाजूच्या वाळूवर उतरवले. आदल्याच दिवशी टायटॅनिक बुडाल्यामुळे वर्तमानपत्रांत त्यांना जागा फारशी मिळाली नाही, म्हणजे गाव चुकले आणि बातमीही चुकली.

आर्देलो हे नाव भारतीय वाचकाने सहज सोडून देऊ नये. या किनाऱ्यावर ब्लेरियो यांचे घर होते आणि शेजारीच टाटा कुटुंबाचेही. तेथील वाळूवर उतरणारी विमाने पाहूनच लहानग्या जहांगीर टाटा यांना उडण्याचे वेड लागले. त्यांनी १९२९ मध्ये मुंबईत भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळवला आणि १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. तेव्हा जुहूच्या धावपट्टीचे एक मूळ या खाडीकाठच्या वाळूत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

चारही चाळण्या हलवून झाल्यावर तळाशी उरते ते बहुधा ल तुके, आर्देलोपासून दक्षिणेला पंधरा किलोमीटरच्या आत. लिडपासून ते सुमारे सत्तर किलोमीटरवर असल्यामुळे अर्ध्या तासाहून कमी वेळ लागतो. धावपट्टी ऐसपैस, रेडिओवर इंग्रजी चालते, पासपोर्ट तपासला जातो, आणि गाव दोन-अडीच किलोमीटरवर असल्याने पायी किंवा सायकलने जाता येते. दोष एवढाच, की या भागात वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून वाहतो आणि धावपट्टी आग्नेय-वायव्य आहे, त्यामुळे वारा नेमका कुशीत शिरतो आणि पाहुण्याला विमान तिरके करून, खेकड्याच्या चालीने उंबरठा ओलांडावा लागतो. हे गाव इंग्रजांच्या पाहुणचाराला सरावलेले आहे: विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस येथे राहत होते आणि १९४० मध्ये जर्मन सैन्य आले तेव्हा येथेच पकडले गेले; १९४८ पासून तर सिल्व्हर सिटी कंपनीची विमाने केंटमधून माणसांसह त्यांच्या मोटारीही येथे आणून सोडत.

येथील जेवणाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. काळ्या शिंपल्यांनी भरलेले पातेले झाकणासह टेबलावर येते, शेजारी बटाट्याच्या तळलेल्या कापांचा ढीग असतो. पहिला शिंपला काट्याने खायचा आणि त्याच्याच रिकाम्या कवचाचा चिमटा करून पुढचे सगळे शिंपले उपसायचे, रिकामी कवचे झाकणात रचायची, असा तेथला परिपाठ आहे. मित्राच्या हातात थंडगार पांढरी वाइन असते. वैमानिकाच्या हातात पाणी. ब्रिटनमध्ये वैमानिकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा शंभर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम, म्हणजे इंग्लंडमधील मोटारचालकाच्या मर्यादेचा चौथा भाग आहे, आणि परतीचे विमान त्यालाच चालवायचे असते. खर्च ज्याचा, त्याने पाणी प्यायचे आणि फुकट आलेल्याने वाइन, ही या विधीतील खरी तपश्चर्या होय.

पर्याय नाहीतच असे नाही. ऑल्डर्नी हे पाचेक किलोमीटर लांबीचे बेट ब्रिटनच्या करांपासून मुक्त असल्यामुळे तेथे विमानाचे इंधन स्वस्त मिळते आणि शेंगेन व्हिसाही लागत नाही, अहवाल मात्र तेथेही सुटत नाही. क्रिकेटचे समालोचक जॉन आर्लट यांनी अखेरची वर्षे याच बेटावर घालवली, ही गोष्ट मराठी वैमानिकाला तेथे उतरण्यास पुरेसे कारण ठरावी. स्वस्त इंधनाच्या बचतीचा हिशेब तेवढा तेथे करू नये, कारण ते इंधन आणण्यासाठी जाळावे लागणारे इंधन त्या हिशेबात धरले, तर बचत हातात धरता येईल एवढी उरत नाही.

निष्कर्ष असा, की गाव निवडण्यात हिवाळा घालवू नये. परतीची वेळ निवडावी, मुक्काम पडलाच तर म्हणून खिशात दात घासण्याचा ब्रश ठेवावा, आणि उरेल त्या गावी जेवावे. घाई असेल, तर हवाई मार्गाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. ब्लेरियो यांनी १९०९ मध्ये खाडी साडेछत्तीस मिनिटांत ओलांडली; १९९४ मध्ये सुरू झालेल्या समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी वाहणारी आगगाडी तीच खाडी पस्तीस मिनिटांत ओलांडते.