चोवीस तास ओलावा, मोजणार कोण?

सुरत हे हिऱ्याचं वजन कॅरटच्या शंभराव्या भागापर्यंत तोलणारं शहर. पण त्याच शहरातल्या लिंबायत-उधन्यात, खानदेशी कुटुंबांच्या वस्तीतल्या दुकानात, ‘सिरॅमाइडयुक्त, चोवीस तास ओलावा’ लिहिलेली त्वचेच्या लोशनची बाटली कुणीही न तोलता घरी नेतं.

मोजमाप नाही असं मात्र नाही. त्वचेच्या दर चौरस मीटरमधून तासाला किती ग्रॅम पाणी उडतं, हे सांगणारं यंत्र आहे. निरोगी हाताच्या आतल्या बाजूला हा आकडा साधारण ५ ते १० भरतो. स्निग्ध पदार्थ उपयोगी ठरला की तो उतरतो. अट एवढीच, की माणसाला आधी २०-२२ अंशांच्या, बेताच्या दमटपणाच्या खोलीत वीसेक मिनिटं स्वस्थ बसवायचं. घाम फुटला की आकडा बोंबलला! मे महिन्यात लूमच्या खटखटाटात उभ्या कारागिराची त्वचा या हिशेबात बसतच नाही. बाटली मात्र त्यालाही विकली जाते.

२००४ साली फिलिपाइन्समध्ये कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांच्या पायांना दोन आठवडे, दिवसातून दोनदा, खोबरेल किंवा खनिज तेल लावलं. कुणाला कोणतं, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं नि तपासणाऱ्यांनाही. यंत्रं लावून पाहिलं, तर दोन्ही तेलं बरोबरीत.

आपल्याकडे खोबरेलाची परीक्षा कोर्टात झाली, तीही करासाठी. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल, केसांचं तेल म्हणून विकलं जात नसेल तर, खाद्यतेलच.