फरशीवर सांडलं असतं तर लिहिलं असतंत

मु. पो. उतई, जि. दुर्ग

हाताची सूज पाहूनही कागदावर काहीच न लिहिणाऱ्या महाशय,

सप्रेम लिहवत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी माझ्या मावशीला तुम्ही किरणोत्सर्गी ल्युटेशियम-१७७ शिरेतून चढवत होतात. एका वेळी २०० मिलिक्युरी, आठ-आठ आठवड्यांनी, चार वेळा. एकदा मध्येच ती म्हणाली, डावा हात ठणकतोय. तुम्ही पाहिलंत, “थोडी सूज आहे, बर्फ लावा” म्हणालात आणि निघून गेलात. डिस्चार्जच्या कागदात या प्रसंगाची एक ओळ नाही. उलट पूर्ण डोस दिल्याचं लिहिलंय. म्हणजे हातातच राहिलेलं औषधही तुम्ही गाठीच्या खात्यात जमा केलंत.

औषध शिरेबाहेर गेलं याचा राग नाही. आजाराने थकलेल्या माणसाच्या शिरा दगा देतात. पण त्यानंतर काय करायचं, हे तुमच्या शास्त्राला माहीत आहे. औषध तिथल्या तिथे थांबवायचं. सुई लगेच उपसायची नाही, तिच्यातूनच निघेल तेवढं ओढून घ्यायचं. हात उंच ठेवायचा, ऊबदार शेक द्यायचा, म्हणजे उरलेलं पांगून वाहून जातं. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथेच बसून राहतं. तुम्ही नेमकं उलटं सांगितलंत.

आणि बसून राहणारं औषध कुठलं? ज्याचा अर्धा जोर सरायला साडेसहा दिवसांहून जास्त लागतात, ज्याचे बीटा कण फार तर दोन मिलिमीटर जातात. तेवढ्याच अंतरात सगळी ताकद ओततात, म्हणून तर ते गाठीवर चालतं. तीच ताकद कातडीखाली ओतली गेली तर इजा त्या दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी दिसू शकते. तोवर माणूस उतईला परतलेला असतो. इथला डॉक्टर लाल झालेला हात बघून गळू म्हणेल, अँटिबायोटिक देईल. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार, आत काय सांडलंय?

याच औषधाचे चार थेंब तुमच्या फरशीवर पडले असते, तर तुम्ही जागा अडवली असती, शोषकागद टाकला असता, मीटर फिरवला असता आणि रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद केली असती. मावशीच्या हाताला फरशीएवढाही मान मिळाला नाही.

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८० साली ठरवलं होतं, की अशी गळती टाळणं जवळजवळ अशक्य, तेव्हा ती कळवायची गरज नाही. तेव्हा बहुतेक औषधं तपासणीपुरती, सौम्य होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच आयोगाने नियम बदलायला घेतला: किरणोत्सर्गाने इजा झाल्याच्या शंकेवरून उपचार करावे लागले, तर ती गळती कळवायचीच. बेचाळीस वर्षं लागली. तुम्हाला एक ओळ लिहायला किती लागतील?

ल्युटेशियम गॅमा किरणही सोडतं, म्हणूनच दुसऱ्या दिवशी तुम्ही तिचं स्कॅन केलंत. त्यात डावा हात असेल, तर ते चित्र काढा. तिथे किती औषध अडकलं होतं, त्वचेला किती डोस बसला, हे तुमच्या फिजिसिस्टकडून मोजून घ्या. तो आकडा, गळतीची तारीख आणि वेळ लेखी पाठवा. एक प्रत आम्हाला, एक इथल्या डॉक्टरांना. मावशीच्या पुढच्या डोसच्या आधी.

मावशीची भाची