झाकणकाका

घरी माशांची टाकी ठेवणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे लोक टाकीत बघतात, दुसऱ्या पंथाचे टाकीच्या वर. पहिल्यांना मासे हवे असतात, दुसऱ्यांना झाकण. आणि झाकण म्हणजे नुसतं झाकण नव्हे. चारही कोपऱ्यांनी टेकलेलं, मधे न झुकणारं, पावसाळ्यातही सपाट राहणारं झाकण. तेही घरी केलेलं.

या दुसऱ्या पंथाचा माणूस सोसायटीत साधारण एकच असतो आणि एक पुरतो. निवृत्तीला आलेला किंवा नुकताच निवृत्त झालेला. भोसरी, अंबरनाथ, सातारा अशा कुठल्यातरी एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य काढलेला. घरातलं मीठ संपलं तर चालवून घेणारा, पण एम-सील संपलं की अस्वस्थ होणारा. त्याचं खरं नाव वीजबिलापुरतं उरलेलं असतं. बाकी सगळ्यांसाठी तो झाकणकाका.

काकांची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर जवळजवळ १६० लिटर पाणी मावेल. त्यात मासे किती? सात गप्पी. तेही विकतचे नाहीत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पालिकांचे आरोग्य विभाग गप्पी मासे देतात, त्यांतले. कुणी पाहुणा टाकीपुढे वाकून 'किती गोड!' म्हणाला की काका त्याला खांद्याला धरून हळूच सरळ करतात आणि त्याची नजर टाकीच्या वरच्या काठावर आणून सोडतात.

"झाकण का लागतं, माहितीये?" इथून पुढे पाहुण्याचा चहा गार होतो.

उघड्या टाकीतून पाणी उडून जातं, वरून पाल पडते, झुरळ पडतं, हे कुणालाही कळतं. मासा बाहेर पडतो, हे काकांकडून कळतं. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला रुपेरी अरोवाना पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवरचे किडे उडी मारून टिपतो. हॅचेटफिश बोटभर लांबीचा, पण छातीचे स्नायू असे की पाण्याबाहेर सहज झेप घेतो. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला मलबार डॅनिओही उडीला कमी नाही. बरं, झाकण हवाबंद करूनही चालत नाही. बेट्टा आणि गुरामी वर येऊन हवेतला श्वास घेतात, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात दोन बोटं मोकळी ठेवावी लागतात. यांपैकी एकही मासा काकांकडे नाही, हे पाहुण्याने लक्षात आणून दिलं तर उत्तर तयार असतं, "उद्या आणला तर?"

बाजारात तयार झाकण मिळतं. दिव्यासकट, बिजागरीसकट मिळतं. ते विकत आणणं हा काकांच्या लेखी पराभव. त्यांचं पहिलं झाकण प्लायवूडचं होतं आणि प्लायवूड साधं नव्हे, 'मरीन'. आयएस ७१० या भारतीय मानकाप्रमाणे हे प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. काकांच्या झाकणाचेही थर सुटले नाहीत. लाकूड मात्र फुगलं, कडेच्या स्क्रूंना गंज चढला आणि तपकिरी पाणी थेंब थेंब गप्पींवर ठिबकू लागलं. मानक चिकटवलेल्या थरांची हमी देतं, लाकडाने पाणी पिऊ नये याची नाही, हे काकांनी त्यानंतर लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं.

मग अ‍ॅक्रिलिक आलं. नावाच्या पाट्या करणाऱ्या कारागिराकडे तीन मिलिमीटर जाडीचा उरलेला तुकडा मिळाला, बोहरी आळीतून कटर आला. रविवारी सकाळी काकांनी रेघ मारली, कटरने दहा-बारा वेळा ओरखडली, टेबलाच्या कडेवर दाबून 'टक्' असा तुकडा मोडला, दोन्ही बाजूंचे संरक्षक कागद सोलले आणि पारदर्शक, चकचकीत, सव्वा किलोचं झाकण टाकीवर ठेवलं. काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, "छान झालंय हो" म्हणून गेल्या. गुरुवारपर्यंत झाकणाचं पोट खाली गेलं होतं आणि चारही कोपरे वर आले होते. पाली तिथूनच आत-बाहेर बघत होत्या.

दुसरा कुणी असता तर त्याने दुकानदाराला शिव्या घातल्या असत्या. काकांचं दुर्दैव असं की त्यांना कारण पक्कं ठाऊक असतं. अ‍ॅक्रिलिक दिसतं काचेसारखं, पण ते पाणी पितं. एका दिवसात वजनाच्या सुमारे ०.३ टक्के, अगदी तुडुंब झालं की २ टक्क्यांच्या आसपास. टाकीवर त्याची खालची बाजू सतत वाफेत आणि वरची पंख्याखाली. खालची बाजू पाणी पिऊन लांबते, वरची आहे तेवढीच राहते आणि या भांडणात पत्रा वाकतो. किती वाकतो, याचा हिशेब काकांनी दूधवाल्याच्या बिलामागे करून ठेवलाय. मीटरला फक्त एक मिलिमीटर इतका दोन बाजूंत फरक पडला, तरी तीन फुटी, तीन मिलिमीटरचा पत्रा मध्यभागी साडेतीन सेंटिमीटर खाली जातो. हे गणित ते इतक्या आनंदाने समजावतात की झाकण वाकलं याचं दुःख कुणाला झालंय असं वाटत नाही.

उपायांचं पर्व यानंतर सुरू झालं. पहिला उपाय भाकरी फिरवण्याचा. राजकारणात ही वेळ कधीमधी येते. काकांच्या घरी ती दर रविवारी येऊ लागली. वाकलेला पत्रा उलटा ठेवायचा, की तो आधी सरळ होतो, आणि दोन दिवस काका खूश. मग तोच पत्रा नव्या ओल्या बाजूने पुन्हा पोट सोडतो. दुसरा उपाय वजनाचा. मधे खाली गेलेल्या पत्र्यावर मधेच वरवंटा ठेवला तर काय होणार, हे काकूंनी आधीच सांगितलं होतं.

तिसरा उपाय शुद्ध विज्ञानाचा होता. खालची बाजू ओली म्हणून वाकतं ना? मग वरचीही ओली ठेवू. दोन्ही बाजू सारख्या लांबल्या की पत्रा सपाट! तत्त्व बिनचूक होतं. काकांनी झाकणावर ओला टॉवेल पसरला. कोपरे खरोखर खाली येऊ लागले. टाकीत काळोख झाला, हॉलमध्ये कुबट वास सुटला आणि आतून "अहो, माझा टॉवेल कुठाय?" अशी हाक आली. प्रयोग तिथेच थांबला, पण तो फसला होता असं काका आजही मान्य करत नाहीत.

जाड पत्रा घेऊन पाहिला तेव्हा काकांना आपल्या हिशेबाची दुसरी ओळ आठवली. जाडी दुप्पट केली की पत्रा आठपट ताठ होतो, त्यामुळे स्वतःच्या वजनाने झुकत नाही. ओलाव्याचा वाक मात्र फक्त निम्मा होतो. साडेतीनाचे पावणेदोन सेंटिमीटर, आणि पैसे दुप्पट. मग त्याच अ‍ॅक्रिलिकच्या इंचभर पट्ट्या उभ्या चिकटवून बरगड्या केल्या. पाट्यांचे कारागीर अ‍ॅक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडतात, तसंच काकांनीही जोडलं. खिडक्या उघड्या ठेवूनही घरभर वास राहिला. बरगड्यांमुळे झाकण बरंच सुधारलं. मधलं पोट गेलं. कडा मात्र दोन बरगड्यांच्या मधे लहरत राहिल्या.

या काळात काकांना अ‍ॅक्रिलिकच्या थोरवीने पछाडलं होतं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांच्या वैमानिकावरची पारदर्शक टोपी याच प्लॅस्टिकची होती, हे ते अभिमानाने सांगत. "पण काका, ती टोपी मुळात वाकवलेलीच होती ना?" असं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका शेजाऱ्याने विचारलं, तेव्हापासून त्या मुलाला त्यांच्याकडचा पाना मिळत नाही. मग उदाहरण बदललं. ओकिनावातल्या चुराउमी मत्स्यालयात २००२ पासून व्हेल शार्क ज्या काचेआड फिरतात, ती काच नाहीच, अ‍ॅक्रिलिक आहे. साडेबावीस मीटर रुंद, ८.२ मीटर उंच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कोरडे प्रेक्षक, तरी सपाट! जाडी किती, हे मात्र काका शेवटी आणि हळू आवाजात सांगतात. ६० सेंटिमीटर.

सोसायटीच्या पार्किंगवर पॉलिकार्बोनेटचं छप्पर बसलं, तेव्हा उरलेला एक तुकडा चौकीदाराच्या खोलीमागून काकांकडे आला. दोन पातळ थर आणि त्यांच्यामधे उभ्या पडद्यांनी पाडलेल्या नळ्या, अशी त्याची रचना. ते अ‍ॅक्रिलिकपेक्षा खूप कमी पाणी पितं, हलकं असतं आणि नळ्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर आपोआप ताठ राहतं. झाकण सपाट राहिलं. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. काका पेढे आणायच्या बेतात असताना नळ्यांच्या उघड्या तोंडांतून वाफ आत शिरली, पाणी साठलं, दिव्याचा उजेड होताच आणि प्रत्येक नळीत शेवाळ धरलं. झाकण सपाट, पण हिरव्या रेघांचं. सिलिकॉनने तोंडं बंद करायला हवी होती, हे कळेपर्यंत पाहुण्यांना टाकीत मासे आहेत की नाहीत तेच दिसेनासं झालं होतं.

अखेर काचवाला आला. खरं तर तो बाथरूमचा आरसा बसवायला आला होता. त्याने टाकीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "साहेब, चार एमएमची काच टाका की. दोन तुकडे करून देतो, किनार घासून. मागे नळीपुरती फट ठेवू." एवढ्या वर्षांत काकूंनी हेच किमान चार वेळा सुचवलं होतं, पण त्या काचवाल्या नव्हत्या.

काच पाणी पीत नाही आणि अ‍ॅक्रिलिकपेक्षा वीसपटींहून ताठ असते. आतल्या काठाच्या पट्ट्यांवर ती बसवली की तिच्यावर जमलेले थेंबही टाकीतच परत पडतात. वजन साडेतीन किलो. उचलायचं कसं, हा प्रश्न सिलिकॉनने चिकटवलेल्या दोन मुठींनी सुटला. आपण हरलो नाही, हे सिद्ध करायला काकांनी काचेचा इतिहास काढला. १९५० च्या दशकात इंग्लंडातल्या सेंट हेलेन्सला अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या काचेचा रस वितळलेल्या कथलावर तरंगत ठेवून थंड करण्याची रीत बसवली. तरंगणाऱ्या पातळ थराला सपाट होण्यावाचून गत्यंतर नसतं. "म्हणजे सपाटपणा जन्मजात पाहिजे," काका म्हणाले, "नंतर आणता येत नाही." काचवाला पैसे मोजून निघून गेला होता.

झाकणावर पोलादी पट्टी उभी धरली तर खालून उजेडाची रेघही दिसेना. पुढचे काही दिवस काका घरात अस्वस्थ फिरत होते. वर्तमानपत्र दोनदा वाचून झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की पाण्याची पातळी काचेच्या वरच्या काठाशी समांतर नाही. डावीकडे चार मिलिमीटर जास्त आहे. पाणी तर खोटं बोलत नाही. त्यांनी पाणसळ आणली. टेबल तपासलं, फरशी तपासली, मग जिन्याचा चौथरा आणि शेवटी गच्ची.

सोसायटीच्या वार्षिक सभेत, आयत्या वेळच्या विषयांत, काकांनी इमारतीच्या कलाचा मुद्दा मांडला. सेक्रेटरींनी हात जोडून विनंती केली की काकांनी टाकीच्या डाव्या पायांखाली जाड पुठ्ठा घालून पाहावा. काका उठून उभे राहिले. पुठ्ठा दमट हवेत पाणी ओढतो, फुगतो आणि १६० लिटरच्या भाराखाली कसा दबत जातो, हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. इतिवृत्तात नोंद आहे : "विषय क्र. ९. पुठ्ठा. चर्चा अपूर्ण."