कार्ड माझं, पिन कपिल देवचा

ज्याच्याकडे पैसा नसतो त्याला कुणी उधार देत नाही आणि ज्याच्याकडे असतो त्याला उधारीची गरज नसते. या दोघांच्या मधे जो अवघडून उभा असतो, त्याला बँक क्रेडिट कार्ड देते. मला दिलं.

मी काही अर्जबिर्ज केला नव्हता. दुपारी डबा खाऊन डोळे जड झाले असताना एका मुलीचा फोन आला आणि तिनं मला ‘सर’ म्हटलं. ऑफिसात मला कुणी सर म्हणत नाही. घरी तर तो प्रश्नच उद्भवत नाही. कार्ड ‘लाइफटाइम फ्री’ असल्याचं ती पुढे सांगत होती, पण माझा होकार त्याआधीच गेला होता.

आमच्या वडिलांना उधारीचं वावडं होतं. वाण्याचं बिल ते पहिल्या तारखेला चुकतं करायचे आणि वहीतली रक्कम स्वतःच्या डोळ्यांदेखत खोडून घ्यायचे. त्यांच्या मुलाला बँकेनं पत्र पाठवून कळवलं, की तुमची मर्यादा एक लाख वीस हजार रुपये आहे. मला भरून आलं. माझ्या मर्यादा तोवर पुष्कळांनी दाखवून दिल्या होत्या, पण इतका मोठा आकडा कुणीच सांगितला नव्हता.

बायको डोंबिवलीतल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. तिनं ते पत्र चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “जामीनदार कोण?”

“जामीनदार लागत नाही यात.”

“दोन तरी लागतातच.”

“अगं, नुसत्या फोनवर देतात.”

“तुम्हाला? नुसत्या फोनवर सव्वा लाख?” तिनं पत्राची घडी घातली. “अवघड आहे त्या बँकेचं.”

तेव्हापासून कार्ड पाकिटात होतं. कुणासमोर पाकीट उघडताना ते जरा वर सरकवून ठेवायचं, एवढाच त्याचा उपयोग. मग दसऱ्याच्या तोंडावर आमच्या मिक्सरनं ओल्या नारळाची चटणी अर्धवट वाटून प्राण सोडला. बायको म्हणाली, “सुट्टी आहे उद्या मला, मी घेऊन येते नवा.” पर्समध्ये पैसे होते. प्रश्न तिथंच मिटला होता.

मी म्हणालो, “रोख कशाला? माझं कार्ड घेऊन जा.”

हे वाक्य म्हणताना आवाजात जो दिलदारपणा येतो, तो पगाराच्या दिवशीही येत नाही. कार्ड हातावर ठेवताना मी तिला थोडं शिक्षणही दिलं. मशीन आपल्या हातात घ्यायचं, सेल्समनला कार्ड घेऊन आत जाऊ द्यायचं नाही आणि पिन दाबताना दुसऱ्या हाताच्या तळव्यानं झाकायचं. पाच हजारांपर्यंत नुसतं टेकवलं तरी पैसे जातात, पूर्वी ही सोय दोन हजारांपर्यंतच होती, रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२१ पासून वाढवली, असा इतिहासही सांगितला. त्यापुढच्या रकमेला मात्र पिन लागतो.

“मग पिन सांगा.”

“पिन कुणालाही सांगायचा नसतो. अगदी नवरा-बायकोतही. बँकेचा नियम आहे. लागलाच तर फोन कर.”

कार्ड द्यायचं आणि पिन द्यायचा नाही, हे सुरक्षिततेच्या दृष्टीनं अत्यंत पक्कं धोरण आहे, अशी माझी समजूत होती. ती मी ऑफिसला जाताना लोकलमध्येही मनाशी घोळवली.

बाराच्या सुमारास फोर्टमधल्या आमच्या ऑफिसात तिचा फोन आला. मिक्सर पसंत पडला होता. किंमत सहा हजार चारशे नव्वद. “सेल्समन म्हणतोय तुमच्या कार्डावर दहा टक्के सूट आहे, पण कमीत कमी पंधरा हजारांची खरेदी हवी. मी सांगितलं नको म्हणून. रोखच देते.”

इथं फोन ठेवला असता तर हा लेख झाला नसता. पण दहा टक्के हे शब्द कानात गेले आणि मला पंधराशे रुपये डोळ्यांसमोर जळताना दिसू लागले. “थांब, थांब,” मी म्हणालो. “पंधराशे रुपये सोडतेस? आणखी काहीतरी घे.”

“काय घेऊ?”

“घरात लागतं ते.”

“घरात काही लागत नाही.”

बायको खरेदीला गेली की नवऱ्याचं दिवाळं निघतं, या विषयावर मराठीत ढिगानं विनोद आहेत. ते लिहिणाऱ्यांपैकी कुणी माझ्या बायकोबरोबर दुकानात गेलेलं नाही. ती मिक्सरपाशी उभी राहून नको म्हणत होती आणि मी पन्नास किलोमीटरवरून तिच्याकडे फोटो मागत होतो. ती नाइलाजानं पाठवत होती. पहिला पसंत केला तो एअर फ्रायर, सहा हजार नऊशे नव्याण्णव. “तेलाशिवाय तळतो,” मी समजावलं. तिनं विचारलं, “तेलाशिवाय केलं तर त्याला तळणं का म्हणायचं?” मी आरोग्याचा मुद्दा काढला. बेरीज तेरा हजार चारशे एकोणनव्वद झाली. मग अकराशे नव्याण्णवची विजेची किटली घेतली. आमच्याकडे चहा दूध आणि आलं घालून उकळतात आणि तसल्या किटलीत दूध उकळायचं नसतं, हे मला नंतर कळलं. तरी तीनशे बारा रुपये कमीच पडत होते. ते भरून काढायला आठशे नव्याण्णवची इस्त्री आली.

“इस्त्री आहे आपल्याकडे.”

“जुनी झालीय ती.”

“मिक्सरनंतर घेतलेली आहे.”

“अगं, पंधराशे रुपयांचा प्रश्न आहे!”

एकूण पंधरा हजार पाचशे सत्त्याऐंशी. मी फोन ठेवून खुर्चीत मागे रेललो. शेअर बाजारात पैसे कमावणाऱ्यांना हेच वाटत असावं. तेवढ्यात पुन्हा फोन.

“अहो, पिन.”

“थांब, मी बाहेर जाऊन—”

“वेळ नाही. मी लग्नाचं साल घालून बघितलं, चूक आलं. मग मुलीचं जन्मसाल घातलं, तेही चूक. सेल्समन म्हणतो आता एकदाच. पुन्हा चुकलं तर कार्ड बंद पडेल. मागं रांग लागलीय.”

माझ्या आजूबाजूच्या टेबलांवरचा कीबोर्डांचा आवाज थांबला होता. सरकारी गुपित फोडावं तसा मी तोंडावर हात ठेवून पुटपुटलो, “कपिल देव.”

“कोण?”

“कपिल देव. कप आणला बघ त्यानं.”

“कप कुठला? मी मिक्सर घेतेय.”

“अगं, लॉर्ड्स! बाल्कनी! कपिल देव!”

“त्याचा वाढदिवस घालू का?”

“सहा जानेवारी,” शेजारच्या टेबलावरून मान वर न करता उत्तर आलं. पलीकडून अकाउंट्सवाले म्हणाले, “वाढदिवस कसा असेल? झिम्बाब्वेविरुद्धचे नाबाद १७५ असणार.” त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, “तीनच आकडे होतात ते. पिन चार आकडी असतो.” तोवर तिकडे बायकोनं हातात किटलीचा खोका असल्यामुळे फोन स्पीकरवर टाकला होता. अचानक एक तरुण, उत्साही आवाज फोनमधून आमच्या ऑफिसभर घुमला, “एकोणीसशे त्र्याऐंशी, मॅडम! आपण त्रेचाळीस रननी जिंकलो होतो!” मागच्या रांगेतून दोघा-तिघांनी दाद दिली. मशीननं ‘टुंग’ केलं. पावती निघाली.

अशा रीतीनं जो आकडा मी सकाळी तळहातानं झाकायला शिकवला होता, तो दुपारी फोर्टमध्ये आणि डोंबिवलीत एकाच वेळी जाहीर झाला. पिन मी त्याच दिवशी बदलला. ऑफिसातले लोक अजून मधूनच विचारतात, की आता धोनी का?

रात्री जेवताना मुलीनं विषय काढला, “बाबा, लग्नाचं साल का नाही ठेवलं तुम्ही?”

“पिन कसा, कायम लक्षात राहील असा ठेवायचा असतो,” मी म्हणालो. या वाक्याचा दुसरा अर्थ मला आमटीचा दुसरा घास घेताना कळला. बायकोला पहिल्याच घासाला कळला असावा, कारण त्यानंतर आमटी कुणी विचारली नाही.

जेवण झाल्यावर तिनं पावतीच्या मागे हिशेब मांडला. पतसंस्थेच्या सवयीनं डावीकडे जमा, उजवीकडे नावे. घ्यायला गेलो होतो ते सहा हजार चारशे नव्वद. घेतलं ते पंधरा हजार पाचशे सत्त्याऐंशी. सूट पंधराशे, कारण सुटीलाही मर्यादा होती. म्हणजे दिले चौदा हजार सत्त्याऐंशी. “पंधराशे वाचवायला सात हजार पाचशे सत्त्याण्णव जास्त घातलेत,” ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. थकलेल्या कर्जदाराशी बोलताना पतसंस्थेत ती हाच आवाज लावते.

पुढल्या महिन्यात स्टेटमेंट आलं. सूट फक्त ईएमआयवर होती, त्यामुळे दुकानदारानं व्यवहार सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर टाकला होता. त्यात १९९ रुपये प्रोसेसिंग फी, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दोनशे चौतीस रुपये ब्याऐंशी पैसे. शिवाय दर हप्त्यातल्या व्याजावर वेगळा जीएसटी. “नो कॉस्टमध्ये व्याज कुठून आलं?” मी ओरडलो. बायको शांतपणे म्हणाली, “शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलंय. व्याज असतंच. दुकानदार तेवढं आधी किमतीतून कमी करतो आणि बँक मग तुमच्याकडून घेते.” हे तिला खरेदीच्या दिवशीही माहीत होतं. मी विचारलं नव्हतं. मी फोटो मागत होतो.

स्टेटमेंटच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. पूर्ण रक्कम न भरल्यास व्याज दरमहा साडेतीन टक्के. तिनं बाराने गुणलं. “बेचाळीस. आमच्याकडे पंधरा टक्क्यांनी कर्ज घेणारा माणूस समितीच्या पाया पडतो. आणि इथं तुम्हाला सर म्हणून देतात.”

आता नियमांविषयी. कार्ड दुसऱ्याला वापरू देऊ नये, बायकोलाही नाही, हे बँकेचं म्हणणं मी थट्टेवारी नेत होतो. पण बंगळूरच्या एका बाईंनी २०१३ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर असताना पंचवीस हजार काढायला नवऱ्याला आपलं एटीएम कार्ड पिनसकट दिलं. मशीननं पावती दिली, नोटा दिल्या नाहीत. तक्रार केली तर बँक म्हणाली, कॅमेऱ्यात खातेदार दिसतच नाही, कार्ड हस्तांतरणीय नाही. प्रकरण ग्राहक मंचात गेलं आणि २०१८ मध्ये निकाल बँकेच्या बाजूनं लागला. नवऱ्याला चेक नाहीतर अधिकारपत्र द्यायला हवं होतं, असं त्यांना ऐकवण्यात आलं. नवरा म्हणजे अनधिकृत व्यक्ती, हे कायद्याच्या दरबारात इतक्या स्वच्छपणे मांडलेलं मी प्रथमच वाचलं. बायकोनं ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली.

खरं तर कार्डाच्या जन्मकथेतच नवऱ्याची अब्रू बायकोच्या हातात आहे. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा नावाचे गृहस्थ हॉटेलात जेवले, पाकीट घरी राहिलं, बायकोनं येऊन पैसे भरले, आणि त्या शरमेतून १९५० मध्ये डायनर्स क्लब निघाला, अशी गोष्ट सांगतात. ती रचलेली होती, असं पुढे कंपनीची प्रसिद्धी सांभाळणाऱ्यानंच सांगितलं. गोष्ट खोटी असली तरी पात्रयोजना बरोबर आहे. पैसे रोख होते आणि ते बायकोकडे होते.

बँकेकडे यावर रीतसर उपाय आहे. कुटुंबातल्या माणसाच्या नावानं ‘ॲड-ऑन’ कार्ड मिळतं. तिचं कार्ड वेगळं, पिन वेगळा, बिल मात्र मूळ कार्डवाल्याच्या नावावर. मी मोठ्या मनानं फॉर्म आणून दिला. तिनं तो चष्मा लावून वाचला, ‘संपूर्ण देणं मुख्य कार्डधारकाचं’ या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “यात जामीनदार तुम्हीच. मग प्रत्येक खरेदीला तुमचा फोन येणार.” फॉर्म परत माझ्या हातात आला.

मिक्सर उत्तम चालतो. इस्त्री खोक्यातच आहे. एअर फ्रायरमध्ये मी एकदा वडे केले होते, त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे. ईएमआयचे हप्ते मी भरतो आणि तारीख चुकू नये म्हणून आठवण बायको करते, अगदी पतसंस्थेच्या पद्धतीनं, आधी तोंडी आणि मग लेखी.

तेव्हा नवरे मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. बायकोला स्वतःच्या नावाचं कार्ड काढू द्या, पिन तिचा तिला ठरवू द्या आणि ती दुकानात असेल तेव्हा फोन टेबलाच्या खणात ठेवा. कार्डावर बेचाळीस टक्के व्याज लागतं हे खरं, पण ते भरायची वेळ क्वचितच येते. नवऱ्याचा सल्ला मात्र जागच्या जागी वसूल होतो.