गाडीखालचा प्रवासी

भूम तालुक्यातले ईट आणि बालाघाटाच्या आसपासची गावे येथून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोयते, कोंबड्या, लेकरे, सोबत कुत्रा. श्रीमंत देशांत असे चाकांवरचे घर सहलीसाठी भाड्याने घेतात. येथे त्यासाठी मुकादमाकडून उचल घेतात आणि सहल पाच-सहा महिने चालते.

कुत्र्याचा दिवस अंधारातच सुरू होतो, कारण कोपीतली चूल तेव्हाच पेटते. मग माणसे फडात जाऊन उंच गवत आडवे करतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहून गाडीत भरतात. ते गवत घरी कोणी खात नाही. मधूनच त्यातून एखादा ससा निसटतो. एवढा खटाटोप त्याच्यासाठीच असावा, असे कुत्र्याचे मत आहे. नवरा-बायको मिळून हिशेबात एकच कोयता धरतात. कुत्रा कशातच धरत नाहीत, त्यामुळे त्याच्या अंगावर उचल नसते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. कुत्र्याचा दर शिळ्या भाकरीवरच राहिला.

संध्याकाळी भरली गाडी कारखान्याकडे निघते, तेव्हा कुत्रा तिच्याखालून चालतो. गाडी आपणच ओढतो, अशी त्याची खात्री असते. हा समज साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांतही आढळतो. फरक एवढाच, की तेथे त्याचा बैठक भत्ता मिळतो.