पाकीट चिमट्यानं धरू नको

टाउन्सव्हिल, क्वीन्सलंड
१७ ऑगस्ट

ती. सौ. आईस व ती. बाबांस,


पत्र बघून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून आधी सांगते, सगळे खुशाल आहोत. रोज फोनवर तोंड दिसत असताना पोरगी कागद कशाला काळे करते, असं बाबा म्हणतीलच. पण जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही. तू स्पीकर लावून बोलतेस, शेजारच्या काकू ओट्यावर बसून ऐकतात, आणि बाबा घरातली कोणतीही बातमी पाच मिनिटांत तीन ग्रुपवर टाकतात. माझं लग्न ठरल्याचं मला कळायच्या आधी बाबांच्या खाणीच्या टाउनशिपला कळलं होतं, ते मी विसरलेली नाही.

तर आई, आमच्या घरात उवा झाल्या.

पाकीट चिमट्यानं धरू नको. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. हे पत्र बालाघाटला पोचून, बैहरचा घाट चढून मलाजखंडला येईस्तोवर तिचं तेरावंही उरकलेलं असेल.

धाकटीच्या डोक्यात झाल्या, मोठ्याच्या झाल्या, माझ्याही. तुमच्या जावईबापूंना नाहीत, कारण उवांनाही धरायला काहीतरी लागतं.

सुरुवात अशी झाली. धाकटीच्या दप्तरातून शाळेची चिठ्ठी निघाली, की वर्गात कोणाच्या तरी डोक्यात उवा सापडल्या आहेत, घरी तपासा. मी वाचली आणि मनात म्हटलं, कोणाच्या घरी बाई असं? फ्रीजला चिठ्ठी चिकटवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. रात्री वेणी सोडताना तिच्या कानामागे पांढरा ठिपका दिसला. कोंडा म्हणून नखानं उडवला, तर उडेना. ओढला, तर केसाबरोबर आला. आई, एका क्षणात मी तिसरीत गेले. कोंडा सरकतो, लीख सरकत नाही, हे आजीनं मला सांगितलेलं पहिलं विज्ञान. तेवढ्यात मानेजवळून तिळाएवढी एक बाई निवांत चालत गेली. साडेआठ हजार किलोमीटर लांब येऊन मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

पुढचे तीन दिवस मी वेडी झाले होते. चादरी, उशा, पडदे सगळं गरम पाण्यात. पोरीची अस्वलं, ससे काळ्या पिशव्यांत बांधून गच्चीवर. गालिच्यावर व्हॅक्यूम, सोफ्यावर व्हॅक्यूम, गाडीच्या सीटवरही व्हॅक्यूम. शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे तर मी अशी बघत होते की तो बिचारा कुंपणापलीकडे जाऊन बसला. डोक्यात ऊ आणि गालिच्याला झाडू, अशी गत. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी शेवटी मला हात जोडले. म्हणाल्या, कुत्र्याचा काही संबंध नाही, ही ऊ फक्त माणसाच्या डोक्यावर राहते. आणि गालिच्याचं म्हणाल तर आपल्याच गावात त्याचा निकाल लागलेला आहे.

खरंच लागलेला आहे. इथल्या जेम्स कुक विद्यापीठात रिक स्पीअर नावाचे प्राध्यापक होते. २०१६ साली गेले. बेडकांना मारणाऱ्या बुरशीवरच्या कामासाठी जगभर नाव झालेला माणूस, पण उवांचाही तितकाच नाद. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ११८ वर्गांतल्या २,२३० पोरांची डोकी विंचरली. दर पाच पोरांत एकाच्या डोक्यात उवा निघाल्या आणि सगळ्या मिळून चौदा हजारांवर भरल्या. मग त्याच वर्गांचे गालिचे व्हॅक्यूमनं झाडून धूळ तपासली. त्यात किती निघाल्या असतील? एकही नाही. २००२ साली हे छापून आलं. म्हणजे चौदा हजारांतल्या एकीलाही खाली उतरून फिरावंसं वाटलं नाही, आणि मी तीन दिवस त्यांना सोफ्याखाली शोधत होते. उशीवर क्वचित एखादी सापडते म्हणे, तेवढा अभ्रा गरम पाण्यातून काढला की पुरे. ऊ उडत नाही, तिला उडीही मारता येत नाही. तिला एकच येतं, केस धरून चालायचं. एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायला डोक्याला डोकं लागावं लागतं.

आजी हे अभ्यास न करताच सांगायची. "ज्याच्या डोक्याले कोणी डोकं लावत नाही, त्याले उवा होत नाहीत वो बाई." त्यावर तू म्हणायचीस, म्हणजे काय चांगलं आहे का ते? आजी म्हणायची, "वाईटबी नाही."

आता तुझा हात डोक्यात गेला असेल. जाऊ दे, सगळ्यांचाच जातो. मीसुद्धा लिहिताना चारदा थांबले.

मला आपल्या क्वार्टरचा व्हरांडा आठवतो. डिसेंबरचं ऊन, आजी पाटावर, तिच्या गुडघ्यांत माझं डोकं, माझ्यामागे लाईनीत बसलेल्या तीन मैत्रिणी, आणि मांडीवर पांढरं फडकं. खोबरेल तेल चोपडलेलं. आधी साधा कंगवा, मग फणी. फडक्यावर पडली की अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि टक्. खाणीत ब्लास्टिंग झालं की मांडणीतली भांडी थरथरायची, पण आजीचा हात हलायचा नाही. शेजारचे कोणी सीताफळाच्या बियांची पूड लावायचे, आणि आजी त्यांच्यावर ओरडायची, पोरीचा डोळा जाईल म्हणून. तेही खरंच निघालं. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. रॉकेल लावणाऱ्यांना तर ती दारातही उभं करत नसे.

आणि तिचा वार ठरलेला, रविवार. मला वाटायचं, सुट्टी म्हणून. आता वाचल्यावर कळलं, त्या रविवारात केवढा हिशोब होता. मादी रोज सहा ते आठ अंडी घालते, केसाच्या मुळाशी, कातडीच्या उबेला. अंडं सात ते दहा दिवसांत फुटतं. पिल्लू तीनदा कात टाकतं आणि नऊ ते बारा दिवसांत त्याची मोठी ऊ होते, अंडी घालायला मोकळी. पुढे ती महिनाभर जगते. म्हणजे पिल्लू निघाल्यापासून आई होईपर्यंत निदान नऊ दिवस मिळतात, आणि आजीची फणी सातव्या दिवशी दारात हजर. एकीलाही लेकुरवाळी होऊ द्यायची नाही, एवढाच बेत. तरी आमच्या उवा जन्मभर का संपल्या नाहीत, तर त्यात आजीचा दोष नाही. रविवारी डोकं साफ व्हायचं आणि सोमवारी स्कूलबसमध्ये आम्ही चौघी एका सीटवर डोक्याला डोकं लावून चिंचा खायचो.

मी मात्र आजीला सोडून आधी बाटलीमागे धावले. दुकानातलं औषध आणलं, लिहिल्याप्रमाणे लावलं, धुतलं, घरभर वास. मलाजखंडला कोणी ऐकेनासं झालं की लोक म्हणतात ना, कान पर जूँ तक नहीं रेंगती? इथे साक्षात जुंवांच्या कानावर जूं रेंगली नाही. ही जुनी औषधं उवेच्या मज्जातंतूंवर चालतात, आणि इतकी वर्षं तोच मार खाऊन जगभर पुष्कळ उवा पक्क्या झाल्या आहेत. अंड्यांचं तर विचारूच नको. सुरुवातीचे काही दिवस आतल्या जिवाला मज्जातंतूच धड नसतात, मग विष लागणार कशाला? म्हणून औषध लागू पडलं तरी आठवड्यानं पुन्हा लावावं लागतं. पाण्यात बुडवून मारावं म्हटलं, तर ती श्वास रोखून तासन्‌तास पडून राहते. स्विमिंगच्या क्लासला पोरगी दमून आली, उवा ताज्यातवान्या.

मग इथल्या सरकारी आरोग्य खात्याची पद्धत वाचली. बाबा, हा भाग तुमच्यासाठी. कोरड्या केसांना पांढरा कंडिशनर भरपूर थापायचा, मुळापासून टोकापर्यंत. त्यात ऊ वीसेक मिनिटं सुन्न होते, पळत नाही. मग केसांचे भाग पाडायचे, लोखंडी दाट दातांच्या फणीनं एकेक भाग मुळापासून ओढायचा, आणि दर वेळी फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसायची. दिवसाआड हेच. सलग दहा दिवस काही निघालं नाही, की संपलं. आई, तू म्हणशील हे तर तेल-फणी-फडकंच आहे. तेच आहे! खोबरेलच्या जागी कंडिशनर आला, आणि आजीचं काम सरकारी कागदावर छापून आलं.

पण बाबा, मला तुमची खाण आठवली. तुम्ही मला लहानपणी वरून तो खड्डा दाखवला होता, पायऱ्या पायऱ्या उतरत गेलेला, आणि सांगितलं होतं की एकदम खाली कोणी जात नाही, बेंचमागून बेंच कापत जायचं. पोरीच्या डोक्याचे मी तसेच बेंच पाडले. शंभर किलो दगडात जेमतेम किलोभर तांबं, आणि तरी सगळा दगड दळावाच लागतो, असं तुम्ही म्हणायचात. इथेही तसंच, चाळीस वेळा फणी ओढावी तेव्हा एक निघते. वर फेसाला चिकटून माल बाहेर येतो, म्हणजे तुमचा कॉन्सन्ट्रेटरच झाला. पहिल्या दिवशी धाकटीचं उत्पादन एकतीस, मोठ्याचं नऊ. मोठा रागावला, त्याला वाटलं आपण मागे पडलो.

जावईबापू इथल्या तांब्याच्या रिफायनरीत असल्यामुळे त्यांनी लगेच वही घातली. तारीख, डोकं, मोठ्या किती, पिल्लं किती. चौथ्या खेपेला मी म्हटलं, झालं आता, उरल्या असतील एक-दोन. ते म्हणाले, आमच्याकडे ९९.९९ टक्के शुद्ध झालं की लोक पेढे वाटतात, पण तुझ्या धंद्यात त्या उरलेल्या ०.०१ टक्क्याला रोज आठ अंडी होतात. मी त्यांच्या टकलाकडे नुसतं बघितलं. पण बरोबर होतं त्यांचं, सातव्या खेपेला दोन पिल्लं निघाली.

माझी गंमत तर वेगळीच. पहिल्यांदा उवा झालेल्याला महिना-दीड महिना काही जाणवतच नाही, कारण खाज चावण्याची नसते, उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि ती अंगात भिनायला वेळ लागतो. धाकटी म्हणूनच एवढे दिवस शांत होती, आणि त्या शांततेत रोज रात्री माझ्या कुशीत झोपत होती. ज्याला आधी होऊन गेल्यात, त्याला मात्र दोन दिवसांत खाज सुटते. माझं डोकं चिठ्ठीच्या आधीच खाजत होतं. मी पाण्याला दोष दिला, शाम्पू बदलला. माझ्या अंगाला तीस वर्षांनी जुनी ओळख पटली होती, मलाच पटली नव्हती.

लाजेचं म्हणशील तर ती माझी मलाच जास्त. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईला सांगावं की नाही, यात मी दोन दिवस घालवले. शेवटी शाळेच्या फाटकाशी जीभ रेटून सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "आमच्याकडे तिसरी खेप आहे." इथे पोरीला घरी बसवत नाहीत, संध्याकाळी उपाय सुरू केला की दुसऱ्या दिवशी शाळा. स्वच्छ डोकं, घाणेरडं डोकं, उवेला सगळं सारखंच. त्यात श्रीमंत-गरीबही नाही. इस्रायलमध्ये लाखीश इथे २०१६ साली एक फणी सापडली, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची, हस्तिदंती. २०२२ साली तिच्यावरची अक्षरं लागली, तर तो निघाला उवा जाव्यात म्हणून घातलेला आशीर्वाद, डोक्यातल्या आणि दाढीतल्यासुद्धा! दातांत उवेच्या पिल्लाचे अवशेषही होते. आजीला हे सांग. आणि ती विचारेल, दाढी कोणाची? तर ते माहीत नाही म्हणावं.

आज सलग नववा दिवस कोरा आहे. परवा शेवटची फणी. धाकटीला आता वाईट वाटतंय. कंडिशनर लावून ती माझ्या गुडघ्यांत तासभर बसायची आणि मी तिला व्हरांड्याच्या, खाणीच्या, बैहरच्या घाटात बसमध्ये ओकल्याच्या गोष्टी सांगायची. मला विचारते, दर रविवारी करायचं का, नसल्या तरी?

म्हणून एक काम आहे. आजीची फणी कुठे असेल तर बघ. तिच्या ट्रंकेत, लाल फडक्यात होती. लोखंडी फणीनं काम होतं, पण धाकटीला ती हवी आहे. फक्त पोस्टात टाकू नको, बाबा इकडे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर पाठव, आणि विमानतळावरच्या फॉर्मवर न विसरता लिहायला सांग. लाकडाची वस्तू इथले लोक उलटीपालटी करून, भिंग लावून तपासतात. बाहेरचा एखादा किडा देशात शिरायला नको म्हणून.

आजीला साष्टांग. काकूंना यातलं काही सांगू नको.

तुझी,
बेबी

ता. क. बाबा, ग्रुपवर टाकू नका.